रस्ता हिवाळ्यात उचलला जातो, वितळताना फुटतो

दरवर्षी जून उजाडला की महाराष्ट्रातून कितीतरी मोटरसायकली मनाली–लेह रस्त्याला लागतात. बारालाचा ला आणि तंगलंग ला या खिंडी ('ला' म्हणजे खिंड), मग लेह आणि त्याच्याही वर खारदुंग ला. परत आलेल्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते. मागच्या वर्षी गुळगुळीत असलेला पट्टा यंदा पार उखडला होता. कारणही लगेच सांगितलं जातं: थंडीने पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि रस्ता फुटतो.

शाळेत शिकलेलं हे कारण खोटं नाही, पण हिशेब मांडला की ते अपुरं पडतं. एक मीटर जाडीचा ओल्या मातीचा थर घ्या. त्यात आकारमानाने फार तर ४० टक्के पाणी मावेल. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के वाढतं. ही सगळी वाढ वरच्या दिशेनेच झाली असं धरलं, तरी जमीन जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उचलली जाईल. थंड देशांतले रस्ते मात्र हिवाळ्यात १५-२० सेंटिमीटरही वर आलेले दिसतात. मग उरलेली वाढ कुठून येते?

याचा छडा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचे भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास लावला. त्यांचा प्रयोग मला फार आवडतो, इतका तो सरळ आहे. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे जमीन उचलण्यासाठी द्रव फुगण्याची गरजच नव्हती. गोठणाऱ्या भागाकडे खालून नवा द्रव ओढला जात होता आणि तिथे साठत होता.

जमिनीत नेमकं हेच घडतं. माती शून्याखाली गेली तरी तिच्यातलं सगळं पाणी गोठत नाही. मातीच्या कणांना चिकटलेला पाण्याचा अतिशय पातळ थर द्रवच राहतो. या थरांच्या वाटेने खालचं पाणी वरच्या बर्फाकडे खेचलं जातं, तिथे गोठतं आणि जमिनीला समांतर अशा बर्फाच्या चकत्या तयार होतात. पाणी मिळत राहिलं तर एकेक चकती बोटभर जाड होते. आता या बर्फाचा जोर किती असू शकतो ते पाहू. उष्मागतिकीच्या हिशेबाने, तापमान शून्याखाली एक अंश गेलं की जास्तीत जास्त ११ वातावरणांइतका दाब येऊ शकतो, म्हणजे दर चौरस मीटरला शंभर टनांहून अधिक. खडी-डांबराच्या अर्धा मीटर जाड रस्त्याचं वजन मात्र चौरस मीटरला टनभरच भरतं. रस्ता किती मजबूत बांधला होता, या प्रश्नाला या जोरापुढे फारसा अर्थ राहत नाही.

अर्थात प्रत्येक माती अशी उचलली जात नाही. जाड वाळूतल्या पोकळ्या मोठ्या असतात, त्यामुळे पाणी वर चढत नाही. चिकणमातीत ते चढतं, पण फार सावकाश. सगळ्यात घातक ती मधली बारीक गाळमाती, जिच्यातून पाणी वरही चढतं आणि वेगानेही चढतं. मातीचे अभ्यासक अभियंते आर्थर कासाग्रांदे यांनी १९३१ मध्ये यासाठी एक कसोटी दिली, ती आजही शिकवली जाते: लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर ती माती रस्त्याखाली धोक्याची. लडाखमध्ये अशा मातीला तोटा नाही. हिमनद्यांनी खडक घासून केलेली भुकटी दऱ्याखोऱ्यांत पसरली आहे, आणि श्रीनगर–लेह मार्गावरच्या लामायुरूचे पिवळे डोंगर म्हणजे एका प्राचीन सरोवराचा गाळच आहे.

तरीही लेह शहराभोवतीच्या कोरड्या पठारावरचे रस्ते पुष्कळ टिकतात. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. थंडी कडाक्याची असली तरी बर्फाच्या चकत्यांना पुरवठा करायला पाणीच नसतं. रस्ता खचतो तो ओढा आडवा येतो तिथे, पाटाचं पाणी झिरपतं तिथे आणि कडेला साचलेला बर्फ दिवसा वितळणाऱ्या खिंडींच्या उतारावर. मनालीहून लेहला जाणाऱ्याने आपल्या वाटेवरचे उखडलेले पट्टे आठवून पाहावेत. वर कुठून तरी पाणी येताना बहुतेक ठिकाणी दिसलं असेल.

खालून हा उद्योग चालू असताना वरचं डांबरही थंडीशी झगडत असतं. थंडीत ते कडक होतं आणि आकसतं. रस्ता लांबीच्या दिशेने आकसू पाहतो, पण त्याला जागेवरून हलता येत नाही, म्हणून आडव्या भेगा पडतात. भेगेतून पाणी शिरतं. उंचावर ऊन प्रखर असल्याने काळा पृष्ठभाग दुपारी चांगला तापतो आणि रात्री पुन्हा गोठतो, म्हणजे वसंतात आणि शरदात जवळजवळ रोज एक आवर्तन. त्यात खारदुंग ला परिसरातला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, सिलिका जास्त असलेला. अशा खडीला डांबर धरून राहत नाही, पाणी त्याला सहज सोडवतं. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट या बाबतीत कितीतरी चांगला आहे. इतकी चांगली खडी हाताशी असून आपले रस्ते दर पावसाळ्यात चाळण होतात, ही गोष्ट मला सलते. तिथेही निचरा हाच दुखरा भाग आहे.

पण रस्त्याचा खरा घात होतो तो थंडी सरल्यावर. बर्फ वरून खाली वितळत जातो. वरच्या थरातल्या चकत्यांचं पाणी झालेलं असतं आणि खालची जमीन अजून दगडासारखी गोठलेली असते, त्यामुळे पाण्याला खाली उतरायला वाट नसते. रस्त्याखालच्या थरात चिखल होतो. दिसायला डांबर शाबूत असतं, आधार मात्र गेलेला असतो. अशात भरलेला ट्रक गेला की वरचा थर वाकतो, जाळीदार तडे जातात आणि प्रत्येक चाकाबरोबर खालचा राडा तड्यांतून वर येतो. मग तुकडे निघू लागतात.

जड वाहनांनी रस्त्याचं किती नुकसान होतं हे पाहण्यासाठी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ खास रस्ते बांधून १९५८ ते १९६० या काळात चाचणी घेतली. सैन्यातल्या चालकांनी त्यांवरून दोन वर्षं ट्रक फिरवले, ११ लाखांहून अधिक वेळा अॅक्सलचा (चाकांच्या आसाचा) भार टाकला. अॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळा पट होतं, हा नियम याच चाचणीतून आला. आणि निकामी झालेल्या डांबरी पट्ट्यांपैकी बरेच वसंतातल्या वितळणीच्या काळात गेले. म्हणून मिनेसोटासारख्या राज्यात दर वसंतात काही आठवडे जड वाहनांच्या भारावर कायद्याने मर्यादा घालतात. ती केव्हा सुरू करायची हे हवेच्या रोजच्या तापमानाच्या बेरजेवरून ठरतं.

लडाखमध्ये हे अवघड आहे. श्रीनगर–लेह मार्गावरची झोजी ला खिंड अलीकडे मार्चच्या सुमारासच मोकळी करतात, आणि बर्फ हटताच सैन्याची रसद, इंधन, भाजीपाला, सिमेंट घेऊन ट्रकांची रांग लागते. रस्ता वर्षात सगळ्यात कमकुवत असतो नेमक्या त्या दिवसांत. तिथल्या माणसांना थांबा असं कुणी सांगू शकत नाही. मग सगळा भार सीमा सडक संघटनेच्या दुरुस्ती पथकांवर येतो.

त्यांच्या हाती असलेले उपाय साधे आहेत, वेळ मात्र थोडा. डोंगराच्या बाजूचे चर खोल आणि मोकळे ठेवायचे. डांबराखाली बारीक माती नसलेल्या जाड खडीचा थर द्यायचा, म्हणजे पाणी वर चढत नाही आणि वितळलेलं बाहेर निघतं. महाराष्ट्रात सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराऐवजी मऊ व्हीजी-१० प्रतीचं डांबर घ्यायचं, ते थंडीत कमी तडकतं. काही खिंडींत तर डांबर सोडून काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक बसवले आहेत: जमीन उचलली तर ब्लॉक थोडे हलतात, वितळल्यावर काढून पुन्हा बसवता येतात. हवेचं तापमान १० अंशांखाली असताना साधं डांबरी मिश्रण अंथरू नये असा नियम आहे, कारण रोलर फिरेपर्यंतच ते थंड होतं, दाबलं जात नाही आणि पोकळ्या राहतात. खिंडींच्या उंचीवर इतकी ऊब वर्षातले जेमतेम तीन-चार महिने मिळते. त्यातले शेवटचे काही दिवस नवं डांबर अंथरण्याऐवजी जुन्या भेगा बुजवायला आणि चर साफ करायला राखून ठेवले, तर ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फाआधी रस्त्यात शिरणाऱ्या पाण्याच्या बऱ्याच वाटा बंद झालेल्या असतील.