मुंबईला शनिवार-रविवार कमी खर्चात : घारापुरी सोमवारवर ढकलू नका

आमच्याकडून मुंबईची तिकिटं काढून दोन-तीन दिवसांचा बेत आखून घेणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. मुंबई तुम्हांला नवी नाही. गोव्यातल्या घरटी कोणी ना कोणी गिरगावात, दादरला नाहीतर डोंबिवलीला असतंच. पण लग्नकार्याला जाणं वेगळं आणि पोराबाळांना घेऊन शहर बघायला जाणं वेगळं. दुसऱ्यात वार बघावा लागतो.

काउंटरवर हटकून विचारलं जातं, "रात्रभर गाडीत बसून आल्यावर लगेच लाँचमध्ये कशाला कोंबता? घारापुरी शेवटच्या दिवशी आरामात करू." सोमवारची सुटी जोडून आली तर हे ठरलेलंच. म्हणून इथे एकदाच मोठ्या अक्षरांत सांगतो : घारापुरी बेटावरची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद, म्हणजे कान्हेरीची लेणीही गेली. काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही त्या दिवशी बंद.

आम्ही बेत कागदावर वारासकट लिहून देतो. तरीही शनिवारी मुंबईत पोचल्यावर "आज दमलोय, खरेदी करू" म्हणून मंडळी परस्पर वार बदलतात आणि सोमवारी सकाळी गेटवेवरून आम्हांला फोन लावतात. त्या वेळी इथून आम्ही काय करणार? लेण्यांचं कुलूप काही आमच्या हातात नाही. मग बंदरातल्या बंदरात लाँचची एक फेरी मारून परतायचं आणि गावी येऊन सांगायचं, घारापुरी बघितली नाही.

आता शनिवारच का, ते ऐका. कोकणकन्या संध्याकाळी मडगाव सोडते, थिवीला आपली म्हापसा-पेडण्याची मंडळी चढतात आणि पहाटे सहाच्या आत गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. लॉजची खोली मात्र बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला मिळते. पहाटेच खोली हवी असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरा म्हणतात, आणि ते नियमाला धरूनच आहे. तेव्हा ते पैसे वाचवा. स्टेशनच्या प्रतीक्षालयात आंघोळ-तोंडधुणं उरका, सामान क्लोकरूममध्ये टाका, चहा-नाश्ता करा आणि नऊच्या सुमाराला सुटणारी पहिली लाँच धरा. क्लोकरूमवाले तिकीट बघतात आणि कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. सुंभाने बांधलेली नारळांची पिशवी नि खाज्याची पुडी तिथे चालायची नाही. नातेवाइकांची भेटवस्तू कुलपाच्या बॅगेतच भरा.

लाँचला तासभर लागतो. धक्क्यापासून वर शंभरावर पायऱ्या आहेत, ज्येष्ठांनी सावकाश चढावं. खाऊ हातात उघडा धरू नका, तिथली माकडं तो हिसकावून नेतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना काही नाही. मोठ्या लेण्याला पूर्व, उत्तर आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी उजेड आहे. सकाळी गर्दी जमण्याआधी दक्षिणेच्या भिंतीवरच्या सदाशिवासमोर उभं राहा, तीन मुखं, उंची सुमारे 18 फूट. पुढे सरकायची घाई करू नका. बाजूला अर्धनारीश्वर आहे, गंगाधर आहे, शिवपार्वतीचं लग्न आहे. जागतिक वारसा यादीत हे ठिकाण 1987 सालीच गेलं. दुपारी परत आलात की खोली तयार, मग हवं तेवढं झोपा. पावसाळ्यात समुद्र खवळला तर लाँच सुटत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही घारापुरी बेतात घालतच नाही. "घाला हो" म्हणून गळ घालू नये.

रविवारी सकाळी भायखळा. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, रविवारी उघडं. ही इमारत 1872 साली खुली झाली, भाऊ दाजींचं नाव तिला 1975 मध्ये मिळालं. भाऊ दाजी आपल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे, एवढं मुलांना सांगितलंत तरी ती जरा कान देऊन बघतात. तिथेच बाहेर दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना तो फुटला, म्हणून मुंबईतच राहिला. शनिवारी बेट बघितलेलं असेल तर या हत्तीपाशी जास्त मजा येते.

रविवारी लोकलला बहुधा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद) असतो, मध्य आणि हार्बरला तर ठरलेलाच. निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर बस पकडा. बेस्टचं किमान भाडं साध्या बसला 10 आणि वातानुकूलितला 12 रुपये आहे. फोर्टातली बरीच खाणावळी-हॉटेलं रविवारी बंद असतात, तेव्हा जेवण गिरगाव-दादरकडे उरका. आपल्याकडच्या हुमणाची (माशाच्या आमटीची) सर नसली तरी मालवणी खाणावळीत नुस्त्याची, म्हणजे मासळीची, सोय होते.

संध्याकाळ नाटकाची. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, यांपैकी कुठे काय आहे ते वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून आम्ही आदल्या आठवड्यात कळवतो. बाल्कनीचं तिकीट घ्या, ऐकू सगळं येतं.

सोमवार असलाच तर तो फोर्टाला द्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं. 1922 साली ते लोकांना खुलं झालं, आणि ज्या जॉर्ज विटेटने ते बांधलं त्याचंच गेटवे, 1924 चं. शेजारी जहांगीर कलादालनात प्रवेश फुकट. मग ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहा : एका अंगाला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको पद्धतीच्या इमारती. दोन्ही मिळून 2018 मध्ये वारसा यादीत गेल्या आणि बघायला पैसा पडत नाही. वेळ उरला तर वाळकेश्वरला बाणगंगा. फोंड्याच्या मंडळींना तिथे कवळे मठाची शाखाही भेटेल. परतीची कोकणकन्या रात्री अकराच्या सुमाराला सुटते.

"तुमचं लॉज महाग, पनवेलला निम्म्यात मिळतं," हेही ऐकतो. मिळतं, खरं आहे. पण पनवेलहून टर्मिनसला लोकलने सव्वा तासाच्या वर, तेवढंच परत, आणि रविवारी ब्लॉक. दोन दिवसांच्या बेतात पाच-सहा तास असे डब्यात घालवायचे असतील तर घरीच राहिलेलं बरं. आम्ही देतो त्या खोल्या लहान आणि साध्या आहेत, पण स्टेशन-फोर्ट-गिरगाव पट्ट्यात आहेत. खासगी स्लीपर बसचंही तसंच. तिकीट कधीकधी स्वस्त पडतं, पण हायवेवर अडकली तर शनिवारची सकाळ गेली आणि लाँच चुकली.

तिकिटांबद्दल एवढंच. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पर्यटक शुक्रवारी गोव्याकडे येतात आणि रविवारी परततात, आपण उलट्या दिशेने जातो, त्यामुळे चतुर्थी आणि मे महिना सोडला तर थोडं आधी सांगितलंत की जागा मिळायला बरं पडतं. गुरुवारी येऊन "तात्काळ काढून द्या" म्हणू नका. तात्काळ उघडल्यावर पहिली 30 मिनिटं आम्हा एजंटांना ऑनलाइन आरक्षण बंद असतं, आणि कोकण रेल्वेवर तेवढ्यात संपायचं ते संपतं. यात आमचा आळस नाही.

बेत आखण्याचे आम्ही पैसे घेतो. तिकिटं आणि लॉज दोन्ही आमच्याकडून घेतलंत तर ते बिलातून वजा होतात. येताना प्रत्येकाचं आधारवरचं नाव आणि वय, चढायचं स्टेशन (थिवी, करमळी की मडगाव), आणि बरोबर ज्येष्ठ किंवा लहान मूल असल्यास तसं लिहून आणा. वार बदलायचा असेल तर तिकीट काढण्याआधी सांगा. नंतर बदललात तर रद्द करण्याचे पैसे रेल्वे कापते, आम्ही नव्हे.