पार्श्वभूमी : ‘अ‍ॅडमिन’ म्हणजे नेमका कोण?

फेसबुकच्या ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनने मंजुरी दिल्याशिवाय पोस्ट दिसू नये, अशी सोय करून ठेवता येते. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये अ‍ॅडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून उडवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या अ‍ॅडमिनला २०२२ पर्यंत यातलं काहीही करता येत नव्हतं. माणूस ग्रुपमध्ये घ्यायचा किंवा काढायचा, अधिकार म्हणावा तर जवळजवळ तेवढाच. तिन्हीकडे पदाचं नाव मात्र तेच.

सोसायटीचा, पालकांचा, गावाचा ग्रुप कुठे काढायचा ही चर्चा आपल्याकडे ‘सगळे कुठे आहेत’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, म्हणून ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर निघतो. उद्या तिथे काही वावगं घडलं तर निस्तरायला अ‍ॅडमिनच्या हातात काय आहे, हे कोणी विचारत नाही. पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत मात्र हा प्रश्न दहा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या रूपांत येतो आहे.

जुन्या मराठी संकेतस्थळांवर हा घोळ फारसा नव्हता. मायबोली १९९६ पासून आहे. त्या जगात ‘धागा उडवला’, म्हणजे एखादी चर्चाच काढून टाकली, हा रोजचा शब्द. कोणी उडवला, का उडवला यावर वाद होत, पण उडवण्याचा अधिकार चालवणाऱ्यांचा, हे सगळ्यांना मान्य असे. जानेवारी २००४ मध्ये फेसबुकसारखंच एक संकेतस्थळ, ऑर्कुट, आलं. तिथे कम्युनिटीला ‘ओनर’ असे आणि त्याच्या मदतीला मॉडरेटर. नावातच मालकी होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, पण त्याआधीच त्याने आपल्याला एक गोष्ट दाखवून दिली होती. २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीने दिलेला आयपी पत्त्याचा तपशील चुकीचा निघाला. मजकूर त्याने टाकलेलाच नव्हता. तोवर त्याचे ५० दिवस कोठडीत गेले होते. लिहिणारा सापडत नाही तेव्हा जो हाताला लागेल तो धरला जातो, हे तेव्हाच दिसलं होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला हा परीघ आणखी रुंदावला. मुंबई बंद होती, त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. अटक दोघींना झाली. लिहिणं आणि लाइक करणं एकाच तागडीत तोललं गेलं. त्यातून सुरू झालेली न्यायालयीन लढाई ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द होण्यापर्यंत गेली. तो निकाल २४ मार्च २०१५ चा. लोकांना कलम रद्द झाल्याचं आठवतं. पण मजकूर ज्याने लिहिला नाही त्याची जबाबदारी किती, याचं उत्तर त्या निकालात नव्हतं, आणि तोच प्रश्न पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप ही मुळात घरच्या, मित्रांच्या गप्पांची जागा. कोण काय बोलतं यावर नजर ठेवायला माणूस नेमावा, अशी तिची बांधणीच नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सदस्यांची मर्यादा २५६ झाली आणि घरच्या गप्पांच्या त्याच साच्यात अख्खं गाव मावू लागलं. ग्रुप चावडीएवढे झाले, अ‍ॅडमिनचे अधिकार मात्र ओसरीवरच्या यजमानाएवढेच राहिले. पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ मला या विसंगतीत दिसतं.

प्रशासनाने ही विसंगती न पाहता जबाबदारी वाटायला सुरुवात केली. एप्रिल २०१६ मध्ये काश्मीरमधल्या कुपवाडा जिल्ह्यात बातम्या देणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची नोंदणी करण्याचा आदेश निघाला. एप्रिल २०१७ मध्ये वाराणसीत जिल्हा प्रशासन आणि पोलिसांनी संयुक्त आदेश काढला : अफवा किंवा चिथावणीखोर मजकूर आला तर अ‍ॅडमिनवरही कारवाई होऊ शकेल. तेव्हापासून ‘अ‍ॅडमिन जबाबदार राहील’ हे वाक्य सणासुदीच्या, निवडणुकीच्या तोंडावर जिल्ह्याजिल्ह्यांत ऐकू येऊ लागलं. आपल्याकडच्या ग्रुपमध्येही ते पोलिसांच्या सूचनेसारखं फिरत असतं, आणि पुष्कळांना तो कायदाच वाटतो.

याची सगळ्यात वाईट झळ मध्य प्रदेशातल्या राजगड जिल्ह्यातल्या एका तरुण विद्यार्थ्याला बसली. ग्रुपमधल्या आक्षेपार्ह मेसेजवरून २०१८ मध्ये त्याला अटक झाली आणि तो जवळपास पाच महिने तुरुंगात होता. त्याच्या घरच्यांचं म्हणणं असं, की तो मुळात अ‍ॅडमिन नव्हताच. आधीचे अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेले आणि ते पद आपोआप त्याच्याकडे आलं. व्हॉट्सअ‍ॅपची रचना तशीच आहे. शेवटचा अ‍ॅडमिन बाहेर पडला की अ‍ॅप उरलेल्यांपैकी एकाला अ‍ॅडमिन करून टाकतं, त्याला न विचारता.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मंगळवेढ्याकडचे, डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे ते लोक होते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण येऊ लागली. फक्त अ‍ॅडमिन बोलू शकतील, अशी सोयही त्याच सुमारास आली. पण बोलण्याची मुभा असलेल्या ग्रुपमध्ये एकदा पडलेला मेसेज अ‍ॅडमिनला अजूनही काढता येत नव्हता.

म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. २०१९ मध्ये मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन होतो. एका रात्री साडेअकराच्या सुमारास एका सदस्याने जिन्यात उभ्या असलेल्या एका पोरसवदा मुलाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘हा चोर आहे, दिसला तर सोडू नका.’ मुलगा किराण्याचं सामान पोहोचवायला आला होता, फ्लॅट नंबर चुकला होता. मी त्या सदस्याला फोन केला, त्यांनी उचलला नाही. मेसेजवर बोट दाबून धरलं, तर ‘डिलीट’मध्ये फक्त माझ्या फोनवरून काढायचा पर्याय आला. शेवटी त्यांना ग्रुपमधून काढलं. ते गेले, फोटो ९४ घरांतल्या फोनवर तसाच राहिला. मग एकेकाला फोन करत बसलो. रात्री एक वाजेपर्यंत निम्मी घरंसुद्धा झाली नव्हती.

त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल वाचला तेव्हा मी त्याकडे तटस्थपणे पाहू शकलो नाही, हे सांगून टाकतो. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ चं. ग्रुपमध्ये एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. तिची तक्रार अशी, की अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, उलट हात वर केले. पोलिसांनी अ‍ॅडमिनवरही लैंगिक छळ, स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान अशा कलमांखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्रही गेलं.

खंडपीठाने अ‍ॅडमिनवरचा खटला रद्द केला. न्यायालय आधी अ‍ॅप कसं चालतं याकडे वळलं. ग्रुप एकदा तयार झाला की सदस्य घेणं-काढणं सोडलं तर अ‍ॅडमिन आणि बाकीचे सदस्य सारखेच, असं त्यांनी नोंदवलं. मजकूर पडण्याआधी तो तपासण्याचा, रोखण्याचा अधिकार अ‍ॅडमिनकडे नाही. सदस्य गुन्हा करणार हे त्याला आधी कळावं, अशी अपेक्षाही ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या कृत्याबद्दल शिक्षा करायची तर कायद्यात तशी तरतूद लागते, आणि ती नाही. दोघांचा समान उद्देश किंवा आधी ठरलेला बेत होता असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये बदनामीच्या एका दाव्यात याच दिशेचं म्हटलं होतं : अ‍ॅडमिनला जबाबदार धरणं म्हणजे वर्तमानपत्रातल्या बदनामीसाठी त्याचा कागद बनवणाऱ्याला जबाबदार धरण्यासारखं आहे.

कागदाची ही उपमा मला पूर्ण पटत नाही. कागद बनवणाऱ्याला वाचकांपैकी कोणाला बाहेर काढता येत नाही, अ‍ॅडमिनला येतं. गोंदियाच्या त्या बाईंचं गाऱ्हाणंही तेवढंच होतं : जे तुम्हाला करता येत होतं ते तुम्ही केलं नाहीत. निकालावर झालेल्या बातम्यांत ‘अ‍ॅडमिनला दिलासा’ हाच मथळा आणि त्या बाई कुठेच नाहीत, हे मला खटकलं. न काढणं हा फौजदारी गुन्हा नाही, एवढंच न्यायालयाने सांगितलं आणि ते बरोबर सांगितलं. न काढणं योग्य होतं, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. हा फरक ग्रुपमध्ये फिरणाऱ्या ‘आता अ‍ॅडमिनवर केस होत नाही’ या मेसेजात पुसला गेला. अ‍ॅडमिन स्वतःच त्या कटात असेल, तर त्याला या निकालाचा काही उपयोग नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही अ‍ॅडमिनच्या बाजूने निकाल दिला. त्यात अ‍ॅडमिन आणि सदस्य यांच्यात मालक-नोकराचं नातं नाही, यावर जोर होता. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी काढण्याचा अधिकार दिला. २०१९ च्या त्या रात्री मला हवं होतं ते बटण आलं. ग्रुपची मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. अनेक ग्रुप एका छत्राखाली आणणाऱ्या कम्युनिटी आल्या. २०२३ मध्ये नव्या सदस्याला मंजुरी देऊन मगच आत घेण्याची सोय आली. पोस्ट आधीच अडवता येत नाही, हे अजूनही खरं. पण ‘घेणं-काढणं सोडून काही करता येत नाही’ हे आता खरं नाही. नागपूरच्या निकालातला जो भाग अ‍ॅपच्या बांधणीवर उभा होता, त्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे. मालक-नोकर नातं नाही आणि कायद्यात तरतूद नाही, हे मुद्दे तसेच उभे आहेत. पुढचा तक्रारदार जेव्हा म्हणेल, ‘मेसेज काढायचं बटण होतं, दोन दिवस काढला नाही’, तेव्हा युक्तिवाद इथेच अडेल.

ग्रुप कुठे काढायचा या प्रश्नाकडे मी आता असा बघतो. पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद राहणार, अशा एकतर्फी सूचनांना फक्त अ‍ॅडमिन बोलू शकतील असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो. स्पर्धा परीक्षांची मुलं नोट्सच्या पीडीएफसाठी टेलिग्रामकडे गेली ती उगाच नाही. मोठ्या फाइल तिथे सहज जातात, नंतर आलेल्यालाही मागचं सगळं मिळतं आणि ग्रुप दोन लाखांपर्यंत वाढू शकतो. एवढ्या गर्दीत मेसेज काढणारे चार-पाच जण जागेवर हवेतच. अनोळखी लोक एकत्र येऊन वाद घालणार असतील, शेतीतल्या औषधांचे सल्ले देणार असतील, तर आधी मंजुरी मग पोस्ट ही फेसबुक ग्रुपची पद्धत मला सगळ्यात सुरक्षित वाटते, जरी तिथे सांभाळणाऱ्याचा रोज तासभर जात असला तरी.

आमच्या सोसायटीत आता दोन ग्रुप आहेत, एक सूचनांचा आणि एक गप्पांचा. गप्पांच्या ग्रुपला तीन अ‍ॅडमिन आहेत, एक जण सोडून गेला तरी पद भलत्याच्या गळ्यात पडू नये म्हणून. ग्रुपच्या माहितीत पहिलीच ओळ लिहिली आहे : अनोळखी माणसाचा फोटो इथे टाकायचा नाही, वॉचमनच्या केबिनमध्ये फोन करायचा. खाली केबिनचा नंबर आहे.