नागपूरचे ४४ आणि ठाण्याचे ३६

३० मे २०२४ ला नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा माझ्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर येऊन पडला. जगातला अधिकृत विक्रम ५६.७ अंशांचा आहे, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतला, १९१३ सालचा. म्हणजे रामदासपेठ आणि डेथ व्हॅली यांत पाऊण अंशाचाही फरक उरला नाही! हवामान खात्याने चौकशी करून सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरला नोंदलेले ५२.९ अंशही असेच, सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. हे खुलासे मात्र ग्रुपवर कुणी टाकले नाहीत.

त्याच आठवड्यात दुसरा एक मजकूर फिरत होता: नवतपा सुरू झालाय, या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो. साफ चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब. गंमत अशी की नागपूरपुरतं या समजुतीत थोडं तथ्य सापडतं. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, तो तिथला शून्य सावली दिवस. पण पुण्यात तो मेच्या मध्यालाच होऊन गेलेला असतो. नवतपा मोजतात तो सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की, पण सूर्य डोक्यावर येण्यात रोहिणीचा काही हात नाही, अक्षांशाचा आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझे मामा नागपूरच्या महाल भागात राहतात, मी ठाण्यात. दर एप्रिलमध्ये त्यांचा फोन ठरलेला. "काऊन रे, पस्तीस-छत्तीसले तुम्ही लोकं गरमी म्हणता?" एका मे महिन्यात ते लग्नासाठी आमच्याकडे आले. दुसऱ्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो तर मामा उघड्या अंगाने बाल्कनीत उभे, हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घेताहेत. नागपूरच्या ४४ अंशांत आयुष्य काढलेला माणूस आमच्या रात्रीला शरण आला होता. का, ते समजून घ्यायचं तर तापमापक बाजूला ठेवून घामाकडे बघावं लागतं.

आपलं शरीर नुसतं बसलेलं असतं तेव्हाही साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. स्लॅबवर घमेली वाहणारा माणूस ४०० वॅटच्या आसपास किंवा वर जातो. ही उष्णता बाहेर टाकलीच पाहिजे, नाहीतर आतलं ३७ अंशांचं तापमान चढत जाईल. उन्हात त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ च्या वर गेली की प्रवाह उलटा फिरतो, हवाच आपल्याला तापवू लागते. मग एकच वाट उरते, घाम.

आणि ती जबरदस्त वाट आहे. एक लिटर घाम वाळताना त्वचेतून सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जातो. तो तासाभरात वाळला तर हा दर पडतो जवळजवळ ६७० वॅट. घमेली वाहणाऱ्याच्या अंगातली उष्णता खपवून वर उन्हाचा वाटाही उचलता येईल इतका. मात्र घाम वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकलेला घाम काहीच थंड करत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ वाया गेलं, एवढंच.

घामाची ही ताकद पहिल्यांदा नीट दाखवली ती १७७४-७५ मध्ये लंडनच्या चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टरने, आणि तीही स्वतःवर. खोली तापवून तापवून जवळजवळ १२७ अंश सेल्सिअसवर नेली आणि हा गृहस्थ आत जाऊन बसला. सोबत अंडी आणि मांसाचा तुकडा होता. अंडी कडक शिजली, मांस गरजेपेक्षा जास्त भाजलं गेलं, ब्लॅग्डेन धडधाकट बाहेर आला. खोलीतली हवा कोरडी होती, म्हणून. त्याने आणखी एक प्रयोग केला, तो मला सर्वांत आवडतो. त्याच खोलीत भांड्यात पाणी ठेवलं. पाणी उकळण्याच्या तापमानाहून कितीतरी गरम हवा भोवती असूनही ते उकळेना, कारण बाष्पीभवनाने ते स्वतःलाच गार करत होतं. मग त्यात थोडं तेल सोडलं. पृष्ठभागावर तवंग पसरला, वाफ कोंडली आणि पाणी उकळू लागलं.

दमट हवा आपल्या घामाच्या बाबतीत त्या तेलासारखी वागते. कसं, ते जरा खोलात जाऊन सांगतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी हे दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

दमट हवेत "आणखी पाणी मावत नाही" असं आपण म्हणतो, जणू हवा म्हणजे भिजलेला स्पंज. तसं नसतं. ओल्या त्वचेवरून पाण्याचे रेणू सतत सुटतात आणि हवेतले रेणू सतत त्वचेवर येऊन आदळतात, काही चिकटतात. किती सुटतात ते त्वचेच्या तापमानावर ठरतं, किती परततात ते हवेतल्या बाष्पावर. थंडावा मिळतो तो या जमाखर्चातल्या शिलकेचा. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेपाशी बाष्पाचा दाब असतो सुमारे ५६ मिलिबार. आता नागपूरची मेमधली दुपार घ्या: ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. तिथल्या हवेतल्या बाष्पाचा दाब जेमतेम १४ मिलिबार. फरक ४२. ठाण्याची एखादी घामट दुपार घ्या: ३६ अंश, आर्द्रता ६५ टक्के. हवेतल्या बाष्पाचा दाब ३९. फरक फक्त १७. वारा सारखाच असेल तर घाम वाळण्याचा जोर या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे ठाण्यात निम्म्याहूनही कमी.

हे सगळं एका आकड्यात बसवता येतं. तापमापकाच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळा आणि पंख्यापुढे धरा. पारा उतरत उतरत जिथे थांबेल ते ओल्या फुग्याचं तापमान. त्या हवेत नुसत्या बाष्पीभवनाने याखाली कुणी जाऊ शकत नाही, घामही नाही आणि माठही नाही. वरच्या नागपूरच्या दुपारी हे तापमान सुमारे २३ अंश येतं, ठाण्याच्या दुपारी ३०. मामांच्या घरचा माठ मे महिन्यात दात शिवशिवतील असं पाणी देतो आणि माझा माठ कोमट, हा काही कुंभाराचा दोष नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही नागपुरात मेमध्ये राजा असतो आणि पहिला पाऊस पडला की घर चिपचिपं करून सोडतो.

आकडे संपले. ओलांडून गेलेल्यांनी आता परत यायला हरकत नाही.

स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की ओल्या फुग्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं आणि काही तास तिथेच राहिलं तर सावलीत, पंख्याखाली, हवं तेवढं पाणी पीत बसलेला निरोगी माणूसही टिकणार नाही. हिशेब बिनचूक होता, पण तो कागदावरच्या माणसाचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धट्ट्याकट्ट्या लोकांना हलकी हालचाल करायला लावून मोजलं, तेव्हा दमट हवेत त्यांचं शरीर ३१ च्या आसपासच हरू लागलं. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. कोरड्या कडक उष्णतेत तर ओल्या फुग्याचं तापमान २५ ते २८ असतानाच मर्यादा आली.

हे शेवटचं वाक्य मामांसाठी. कारण इथवर वाचून नागपूरकर म्हणतील, चला, आमचं बरं आहे. बरं नाही. कोरड्या हवेत घाम इतक्या झटपट उडतो की घाम येतोय हेच कळत नाही, संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे दिसतात. तासाला लिटरभर पाणी जातं आणि तहान त्या मानाने उशिरा लागते. घामाच्या ग्रंथींनाही मर्यादा असते. म्हाताऱ्या माणसांत ती आणखी कमी, आणि ४० च्या वरच्या हवेत पंखा म्हणजे अंगावर गरम झोतच, अंग ओलं नसेल तर. रक्तातलं पाणी कमी झालेलं, तेवढ्याच रक्तातलं बरंचसं त्वचेकडे वळवलेलं, आणि हृदय धडधडत त्वचा आणि आतले अवयव, दोन्हीकडे पुरवठा करतंय. उन्हाळ्यात जे दगावतात त्यांतले कित्येक हृदयविकाराने गेले म्हणून नोंदले जातात ते यामुळे. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे नंतर एकूण मृत्यूंची तुलना केल्यावर कळलं. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला.

किनाऱ्यासाठी हवामान खात्याची फूटपट्टीच वेगळी आहे. मैदानी भागात ४० अंश गाठल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनाऱ्यावर ३७ पासून होतो, तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश चढलेलं असेल तर. हे अंश सावलीतले असतात, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेले. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला, त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचा आकडा सुमारे ३८ होता. विदर्भात या आकड्याची बातमीही होत नाही. १४ माणसं उष्माघाताने गेली.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हे मी लहानपणी खरं मानलं होतं, कांदा ठेवलाही होता. खिसा वास मारतो, बाकी काही होत नाही. कैरीच्या पन्ह्याची गोष्ट वेगळी: पाणी, मीठ, साखर, सगळं त्यात आहे. डोक्याला बांधलेला दुपट्टा ओला करून बांधला तर नागपुरात तो चालता-फिरता कूलर होतो.

कांद्याहून घातक आहे तापाची गोळी. तापात मेंदूतल्या थर्मोस्टॅटचा काटाच वर सरकलेला असतो, पॅरासिटामॉल तो खाली आणते. उष्माघातात काटा ३७ वरच असतो, शरीरालाच तिथवर उतरता येत नाही. त्यामुळे गोळीला काम करायला जागाच नाही, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर तिचा भार पडतो.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजायचा. अंग कोरडं आहे की घामाने भिजलेलं, यावर जाऊ नका, कष्टाचं काम करताना कोसळलेला माणूस घामाघूम असू शकतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर नळाचं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. नागपुरात ओली चादर आणि पंखा एवढ्यानेही बरंच काम होतं. ठाण्यात हवा त्या चादरीतलं पाणी फारसं उचलणार नाही, तिथे पाणीच गार हवं. कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडे बर्फाची लादी असते, ती मागून आणा आणि तुकडे फडक्यात बांधून काखेत, मानेवर, जांघेत ठेवा.