कॉमन रोझ की मॉर्मनची मादी? आधी अंग बघा

पावसाळा सरत आला की तोच फोटो पुन्हा येतो. काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढरे डाग, कडेने लाल चंद्रकोरी, आणि खाली ओळ: ‘आमच्या कढीपत्त्यावर कॉमन रोझने अंडी घातली!’ कॉमन रोझची अळी कढीपत्त्याला तोंडसुद्धा लावत नाही. तिला ईश्वरी, किडामारी अशा एकाच कुळातल्या वनस्पती लागतात. कढीपत्ता, लिंबू, बेल ही कॉमन मॉर्मन या दुसऱ्या काळ्या फुलपाखराची झाडं. तुमच्या कुंडीपाशी घिरट्या घालते ती मॉर्मनची मादी.

मॉर्मनचा नर सगळ्यांच्या ओळखीचा: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ. मादी तीन रूपांत दिसते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझ या कॉमन रोझच्या जवळच्या, लाल अंगाच्या फुलपाखरासारखी. या सगळ्या एकाच जातीच्या माद्या आहेत, हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मांडलं. या सोंगामागे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक आहे, असं फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. रोझच्या अंगात अळीपणीच्या खाण्यातून आलेलं विष असतं, म्हणून पक्षी तिला टाळतात. सोंग घेणारी मॉर्मनची मादी विषारी नाही, पण रोझसारखी दिसते म्हणून तीही बचावते.

आता खरी गोम. ‘लाल ठिपके आहेत, म्हणजे रोझ’ हे वाक्य कृपा करून सोडून द्या. लाल ठिपके दोघींना आहेत, पांढरे डाग दोघींना आहेत, शेपट्याही दोघींना आहेत. पंखांवरून नजर उचला आणि अंग बघा. रोझचं डोकं लाल, छातीच्या आणि पोटाच्या बाजू लाल, पोटाचं टोकही लाल. मॉर्मनच्या मादीचं अंग काळं, त्यावर फार तर बारीक पांढरे ठिपके. पाठीवरून पाहिलं तर रोझसुद्धा काळी वाटते, इथेच बरेच जण फसतात. तेव्हा डोकं आणि पोटाचं टोक तपासा, किंवा ती फुलावर पंख मिटून बसेपर्यंत थांबा. बाजूने लाल अंग लपत नाही.

रोझ संथ उडते, मॉर्मन चपळ, हे खरं. पण नुसत्या उडण्यावरून नाव ठरवू नये.

क्रिमसन रोझ आणि तिची नक्कल करणारी मॉर्मन यांनाही हीच कसोटी लावा. आणि ओळखीसाठी फोटो पाठवताना तो कापून फक्त पंख ठेवू नका. अंगच कापलं गेलं तर नाव कशावरून सांगायचं?