पीटर रॉबिन्सन वसाहत योजना

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील गरीब कुळांना ब्रिटिश सरकारच्या खर्चाने अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओत, वसवण्याची योजना. 1823 मध्ये दोन जहाजांतून 568 आणि 1825 मध्ये नऊ जहाजांतून 2,024 माणसे गेली. वसाहत खात्याचे उपसचिव रॉबर्ट विल्मट-हॉर्टन यांची ही कल्पना. अंमलबजावणी अप्पर कॅनडाचे पीटर रॉबिन्सन यांनी केली.

1822 च्या अन्नटंचाईने कॉर्कचा उत्तर भाग होरपळला होता, जमिनीच्या खंडावरून दंगे चालू होते. अशांत माणसे इथून हलवावीत आणि तिकडचे रान लागवडीखाली आणावे, असा सरकारचा दुहेरी हेतू होता. रॉबिन्सन फर्मॉय, मॅलो, कँटर्क भागांत फिरले. नावे बहुधा स्थानिक जमीनदार व न्यायाधिकारी सुचवत. 45 वर्षांखालील, धडधाकट, पदरी काही नसलेला कुटुंबप्रमुख त्यांना हवा होता. काळ्या पाण्याच्या शिक्षेवर नेतील, या भीतीने आधी लोक बिचकले. पण पहिल्या तुकडीची पत्रे घरी आली आणि 1825 मध्ये सुमारे 50 हजारांनी नावे दिली.

पहिल्या तुकडीतील कुटुंबाला 70 एकर जमीन मिळे. शेजारचे 30 एकर पुढे विकत घेण्यासाठी राखून ठेवलेले असत. सोबत एक गाय, कुऱ्हाड, गिरमिट, करवत, हातोडा, 100 खिळे, तीन कुदळी, किटली, तवा, लोखंडी भांडे, 5 बुशेल (बुशेल म्हणजे सुमारे 36 लिटरचे माप) बटाट्याचे बेणे आणि थोडा मका. खरा आधार शिध्याचा होता: मोठ्या माणसाला रोज एक पौंड पीठ व एक पौंड खारवलेले डुकराचे मांस, मुलांना वयाप्रमाणे कमी. हा शिधा पहिले पीक हाती येईपर्यंत मिळत राहिला. तो नसता तर बेण्याचे बटाटे हिवाळ्यातच पोटात गेले असते.

सर्वांत हाल वाटेत झाले. 1825 च्या कडक उन्हाळ्यात ऑन्टारिओ तलावाकाठच्या किंग्स्टनला तंबूंत दाटीवाटीने राहिलेल्या लोकांत हिवताप पसरला. पुढे कोबर्गपासून राइस तलावापर्यंत 12 मैल रस्ता दुरुस्त करावा लागला. बोटी चाकांवर चढवून त्याच रस्त्याने तलावात नेल्या. ओटोनाबी नदीत पाणी उथळ, म्हणून 60 फूट लांब व 8 फूट रुंद अशी सपाट तळाची होडी मुद्दाम बांधली. रस्त्यावर व नदीवर राबलेल्या पहिल्या टोळीतला एकही माणूस तापातून सुटला नाही, दोघे दगावले.

कॉर्कच्या कुळाला फावडे चालवता येई, पण मोठा वृक्ष कसा पाडायचा हे ठाऊक नव्हते, कारण आयर्लंडची अरण्ये केव्हाच संपली होती. म्हणून ओंडक्यांची घरे बांधायला स्थानिक मजूर लावले. झाडे तोडून फांद्या जाळायच्या, बुंधे तसेच ठेवायचे आणि त्यांच्या मधल्या मातीत कुदळीने बटाटे, मका लावायचा, ही तिथली रीत. बुंधे कुजायला वर्षे लागत, तोवर नांगर घालण्यात अर्थ नव्हता. तरीही 1826 च्या नोंदींत 1825 च्या वसाहतीचे सुमारे 67 हजार बुशेल बटाटे आणि 9 हजार पौंडांवर मेपल साखर आहे. तिथल्या मुख्य गावाला रॉबिन्सन यांच्यावरून पीटरबरो हे नाव मिळाले. पहिल्या तुकडीच्या वाट्याला मात्र शेजाऱ्यांशी वैर आले. 1824 मध्ये आधी वसलेल्या लोकांशी त्यांची दंगल झाली.

दरडोई खर्च 21-22 पौंड आला. 1826-27 च्या संसदीय समित्यांत विल्मट-हॉर्टन यांनी जोर लावला, तरी एवढा पैसा पुन्हा मंजूर झाला नाही. यात सरकारची मोठी चूक झाली, कारण प्रवासभाडे हा खर्चाचा लहान भाग होता. नव्या भूमीवरचे पहिले वर्षच महाग होते, आणि नेमके तेच पुढे वगळले गेले. 1847 च्या दुष्काळात अनेक जमीनदारांनी कुळांना फक्त जहाजात बसवून दिले. त्या वर्षी क्वेबेकजवळच्या ग्रोस इल या विलगीकरण बेटावर 5 हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. पुढे 1882-84 मध्ये इंग्लिश समाजसेवक जेम्स हॅक ट्यूक यांच्या निधीने पश्चिम आयर्लंडच्या गॉलवे व मेयोतून नऊ हजारांवर माणसे अमेरिका-कॅनडाला पाठवली, तेव्हा अख्खे कुटुंब, नवे कपडे आणि उतरल्यावर हाती थोडी रक्कम, असा नेम ठेवला.