पर्सनल युजचा फॉन्ट आणि ओपन फॉन्ट लायसन्सचा फॉन्ट

मसाल्याच्या पाकिटासाठी दोन देवनागरी फॉन्ट आवडले, दोन्ही पैसे न भरता डाउनलोड झाले, की बहुतेक जण दोन्ही सारखेच धरून चालतात. मात्र एकाच्या झिपमध्ये 'ओएफएल' (ओपन फॉन्ट लायसन्स) नावाची टेक्स्ट फाइल असते आणि दुसऱ्याच्या रीडमीमध्ये लिहिलेलं असतं, 'फ्री फॉर पर्सनल युज'. पाकीट छापता येईल की नाही, हे तिथेच ठरतं.

पर्सनल युज म्हणजे घरचा वापर. बहिणीच्या लग्नाची पत्रिका स्वतः केली, तर सहसा हरकत नसते. तशीच पत्रिका गिऱ्हाइकाला करून दिली, की तो धंदा झाला. 'ओळखीतलं काम होतं, पैसे घेतलेच नाहीत' हे कारणही टिकत नाही. बोर्ड तुम्ही फुकट केलात तरी दुकान त्या बोर्डावर धंदा करतं. अशा कामासाठी फॉन्ट बनवणाऱ्याकडून व्यावसायिक लायसन्स विकत घ्यावं लागतं. डेस्कटॉप, वेबसाइट आणि अ‍ॅप यांची लायसन्सं बऱ्याचदा वेगवेगळी असतात, तेवढं आधी विचारून घ्या.

प्रेसवाले सांगतात, 'फाइल कर्व्ह करून द्या.' कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरांचे नुसते आकार उरतात आणि फॉन्ट लागत नाही. त्यावरून लायसन्सही लागत नाही असा समज पक्का झालाय, आणि तो चुकीचा आहे. कर्व्ह केल्याने प्रेसला फॉन्टची फाइल पाठवावी लागत नाही, एवढाच फायदा. अक्षरं ज्या फॉन्टातून आली त्याच्या अटी तशाच लागू राहतात.

ओपन फॉन्ट लायसन्स एसआयएल या संस्थेने तयार केलं, सध्याची १.१ ही आवृत्ती २००७ची. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स याच लायसन्सखाली मिळतात. लोगो, पाकीट, फ्लेक्स, वेबसाइट, सगळीकडे वापरा, प्रेसला फाइलही द्या. पाकिटावर फॉन्टचं नाव छापायची सक्ती नाही. मनाई मुख्यतः एका गोष्टीला आहे: नुसता फॉन्ट विकायचा नाही. देवनागरीत जोडाक्षरांचे शेकडो आकार काढावे लागतात. इतकं कष्टाचं काम कुणीतरी असं खुलं करून ठेवलंय, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

यात मराठीला आणखी एक फायदा आहे. अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. ओपन फॉन्ट लायसन्सचा फॉन्ट उघडून त्यातला ल मराठी वळणाचा करता येतो. मूळ नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यायचं आणि तो वाटायचा झाल्यास याच लायसन्सखाली वाटायचा. नुसतं मराठी वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट तयारच आहे. पर्सनल युजच्या फॉन्टात मात्र अशी ढवळाढवळ बहुधा चालत नाही.

पेनड्राइव्हवरून फिरणारे 'पाचशे मराठी फॉन्ट' वगैरे पॅक सर्वांत धोक्याचे, कारण त्यांत लायसन्सची फाइलच गळालेली असते. विंडोजमध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडा आणि कॉपीराइटची ओळ वाचा. तिथे बनवणाऱ्याचं नाव सापडलं तर त्याच्याच साइटवरून फॉन्ट पुन्हा उतरवून घ्या. नाव सापडलं नाही तर गिऱ्हाइकाच्या कामात तो फॉन्ट घेऊ नका.