विरघळलेले की कलिल? ०.४५ मायक्रॉनच्या रेषेची पार्श्वभूमी

पाण्याच्या तपासणी अहवालात ‘विरघळलेले लोह’ किंवा ‘विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम’ असा रकाना असतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ रसायनशास्त्रातला नसतो. नमुना ०.४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंध्रांच्या गाळणीतून गाळल्यावर जे खाली उतरले ते विरघळलेले आणि जे वर अडकले ते तरंगणारे, एवढाच तो अर्थ असतो. कलिल कणांचा, म्हणजे पाण्यात न विरघळता आणि तळाला न बसता पसरून राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, पल्ला मात्र साधारण एक नॅनोमीटरपासून एक मायक्रॉनपर्यंत असतो. म्हणजे ही रेषा नेमकी त्यांच्या मधून जाते आणि त्यांतले बहुसंख्य कण विरघळलेल्यांत जमा होतात.

गढूळ पाणी निवळण्याची रीत फार जुनी आहे. निवळीची बी माठाला आतून घासत, हंड्यात तुरटी फिरवत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या निवळीचा, म्हणजे कतकाचा, दाखला आहे: त्याचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. ‘कलिल’ या कल्पनेला आजचे रूप १८६१ मध्ये लंडनमध्ये मिळाले. चर्मपत्राच्या पडद्यातून सहज झिरपणारे पदार्थ आणि न झिरपणारे पदार्थ अशी ती विभागणी होती आणि दुसऱ्या गटाला सरसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून नाव दिले गेले. पडद्याने व्याख्या ठरवण्याची सवय अशी मुळापासूनची आहे.

मातीचे बारीक कण बसत नाहीत, याची कारणे दोन. त्यांच्यावर ऋणभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकेकटे राहिले की त्यांचा बसण्याचा वेग नगण्य असतो. अगदी स्थिर पाण्यातसुद्धा एक मायक्रॉन व्यासाच्या कणाला एक मीटर खाली जायला हिशेबाने सुमारे तेरा दिवस लागतात आणि ०.१ मायक्रॉनच्या कणाला साडेतीन वर्षे. विरुद्ध भाराच्या आयनाची संयुजा, म्हणजे त्याच्यावरील भाराची संख्या, वाढली की साकळण्याची, म्हणजे कण एकमेकांना चिकटून गोळा होण्याची, क्रिया कित्येक पटींनी वाढते, हे १८८२ ते १९०० या काळात स्पष्ट झाले आणि तुरटीतल्या त्रिसंयुजी अ‍ॅल्युमिनियमचे सामर्थ्य कळले. त्याच सुमारास, १८९५ ते १८९७ मध्ये, अमेरिकेत लुईव्हिल येथे ओहायो नदीच्या गढूळ पाण्यावर प्रदीर्घ चाचण्या झाल्या. जलद वाळूगाळणीच्या आधी साकळण नीट झाले नाही तर गाळणी बारीक माती अडवत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही जलद वाळूगाळणीच्या जलशुद्धीकरण केंद्रांत लागू आहे.

०.४५ हा आकडा या परंपरेतला नाही. तो जिवाणूंमुळे आला. सेल्युलोजच्या पातळ पटल-गाळण्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेन येथे विकसित झाल्या. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी जलवाहिन्या फुटलेल्या शहरांत पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे लवकर कळावे म्हणून त्यांचा वापर झाला आणि युद्धानंतर ते तंत्र अमेरिकेत गेले. कोलिफॉर्म जिवाणू (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे) खात्रीने अडकतील आणि पाणीही बऱ्या वेगाने गळेल अशी रंध्रे म्हणून ०.४५ मायक्रॉन रूढ झाले. रसायन प्रयोगशाळांना तीच चकती आयती मिळाली आणि ‘विरघळलेले’ची सीमा ठरून गेली.

सीमा निदान पक्की असती तरी चालले असते. पावसाळ्यातल्या नदीचे पाणी ४७ मिलिमीटरच्या त्या पांढऱ्या चकतीवर ओतून पाहावे. पहिले शंभर मिलिलिटर झरझर उतरतात, मग चकतीवर तपकिरी साय धरते, धार तुटते आणि थेंब पडू लागतात. आता गाळण्याचे काम चकतीपेक्षा तो थरच जास्त करतो आणि रंध्रे प्रत्यक्षात कितीतरी बारीक होतात. त्यामुळे एकाच बाटलीतल्या पहिल्या आणि शेवटच्या गाळलेल्या पाण्यात ‘विरघळलेल्या’ लोहाचे आकडे वेगळे येतात. चकतीच्या वेष्टनावर मात्र ०.४५ हाच आकडा कायम असतो.

नमुना गाळावा की नाही, या प्रश्नावरचा खरा वाद अमेरिकेत १९९० च्या दशकात पेटला. कचराभूमींभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे नमुने प्रयोगशाळेत नेण्याआधी जागेवर गाळू नयेत, असा नियम तिथल्या संघीय नियामक यंत्रणेने १९९१ मध्ये केला. कलिल कणांवर बसून विषारी धातू भूजलातून प्रवास करू शकतात आणि गाळल्यास तेवढा भाग नोंदीतून निसटतो, ही त्यामागची भूमिका होती. विहीर नीट बांधलेली नसेल, किंवा नमुना जोराने उपसला, तर एरवी जागची न हलणारी मातीही बाटलीत येते आणि तिच्यातले धातू प्रदूषण म्हणून मोजले जातात, असा विरोधकांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण त्यावरचा उपाय गाळणे हा नव्हता, हळू उपसणे हा होता, आणि मिनिटाला शंभर ते पाचशे मिलिलिटर या वेगाने नमुना घेण्याची पद्धत पुढे त्यातूनच रुजली. याच यंत्रणेने १९९३ मध्ये नद्या-तलावांतील धातूंसाठी उलट वाट धरली: जलचरांना धातूचा जो भाग बाधतो त्याच्या जवळ जाणारे मोजमाप म्हणून गाळलेल्या नमुन्याची शिफारस केली. हेतू वेगळे असल्याने दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येते. तरीही १९९१ चा निर्णय मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण कलिल कणांचे अस्तित्व त्याने उघडपणे गृहीत धरले.

त्या भूमिकेला बळ देणारा पुरावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेवाडातील अणुचाचणी क्षेत्रात भूजलात प्लुटोनियम सापडले आणि समस्थानिकांच्या प्रमाणावरून ते १९६८ च्या एका भूमिगत स्फोटातले असल्याचे ओळखता आले. स्फोटाची जागा १.३ किलोमीटर दूर होती. प्लुटोनियम जवळजवळ विरघळत नाही, खडकाला चिकटून राहते, असे तोवर धरले जात होते. इथे ते जवळपास सगळेच्या सगळे चिकणमाती आणि झिओलाइट या खनिजाच्या कलिल कणांवर स्वार होऊन आले होते.

समुद्राच्या पाण्यावर काम करणाऱ्यांनी त्यानंतर एकीऐवजी दोन गाळण्या वापरायला सुरुवात केली: पहिली नेहमीची आणि तिच्यामागे ०.०२ मायक्रॉनची. दोन्हींतून उतरते ते विरघळलेले आणि दुसरीवर अडकते ते कलिल, अशी ही नोंद आहे. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात, आधीच्या सगळ्या तक्त्यांत ‘विरघळलेले’ म्हणून लिहिलेल्या लोहाचा मोठा वाटा या दुसऱ्या गाळणीवर अडकलेला आढळला.